चाकांवरच्या घरातून गॅस काढताना : आरव्हीच्या विद्युतीकरणाचा हिशेब

अमेरिकेत ज्याला सर्वजण ‘आरव्ही’ म्हणतात, त्या चाकांवरच्या घरात स्वयंपाक, गरम पाणी, खोलीतील ऊब आणि फ्रिज ही चारही कामे वर्षानुवर्षे एकाच इंधनावर चालत आली आहेत. ते इंधन म्हणजे प्रोपेन. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर बसवलेले दोन सिलिंडर किंवा मोटरहोमच्या पोटाखालची कायमची टाकी हाच या घराचा मुख्य आधार असतो. आता लिथियम बॅटऱ्या पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत, इंडक्शन शेगडी घरोघरी पोहोचली आहे आणि ‘गॅस पूर्णपणे काढून टाकता येईल का?’ हा प्रश्न सिएटलपासून न्यू जर्सीपर्यंतच्या आपल्या मंडळींच्या बोलण्यातही येऊ लागला आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र चारही कामे विजेवर नेणे सारखेच सोपे नाही. एका कामात बदल पहिल्याच सहलीत पटतो, तर दुसऱ्यात हजारो डॉलर खर्चूनही थंडीच्या रात्री कुटुंब कुडकुडत बसण्याची वेळ येऊ शकते. पुण्याहून आलेले सत्तरीचे आईवडील बरोबर असतील, तर हा फरक आधीच समजून घेतलेला बरा.

एका सिलिंडरमध्ये किती युनिट?

आरव्हीवरचा नेहमीचा सिलिंडर २० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९ किलो प्रोपेनचा असतो. (भारतातील घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, आणि त्यात प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण.) एक पौंड प्रोपेन जाळले की सुमारे २१,६०० बीटीयू उष्णता मिळते, २० पौंडांची ४,३२,००० बीटीयू. आपल्या वीजबिलाच्या परिचित भाषेत सांगायचे, तर सुमारे १२६ युनिट.

आता बॅटरीकडे पाहू. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या लिथियम बॅटरीत १.२८ युनिट वीज मावते. म्हणजे एका भरलेल्या सिलिंडरची बरोबरी करायला अशा जवळजवळ १०० बॅटऱ्या हव्यात, आणि त्यांचे वजन एका टनाच्या आसपास जाईल. बॅटरी विकणाऱ्यांच्या जाहिरातींत ही तुलना सहसा आढळत नाही.

पण ही तुलना जितकी खरी, तितकीच अपुरी आहे. सिलिंडरमधील उष्णतेचा किती भाग प्रत्यक्ष कामी येतो, हे त्या कामावर अवलंबून असते. गॅसच्या उष्णतेवर गारवा निर्माण करायचा असेल, तर बहुतेक ऊर्जा वाया जाते आणि तेथे वीज सहज बाजी मारते. जेथे केवळ उष्णताच हवी असते, तेथे गॅसला हरवणे फार कठीण. विद्युतीकरणाचा क्रम याच एका गोष्टीवरून ठरतो.

आधी फ्रिज

गॅसवरचा फ्रिज हे मुळात मोठे चतुर यंत्र आहे. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधील दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये त्याची रचना केली. त्यात कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. तळाशी ज्योत पेटते, अमोनिया पाण्यातून मोकळा होतो, वर जाऊन थंड होतो आणि हायड्रोजनच्या सान्निध्यात बाष्प होताना आतील उष्णता शोषून घेतो. मग तो पुन्हा पाण्यात विरघळतो आणि चक्र पुढे चालू राहते. हे सारे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर होत असल्याने गाडी समतल जमिनीवर उभी असावी लागते. तिरक्या जागी फ्रिज बराच वेळ चालू ठेवला, तर तळाची नळी अतितप्त होऊन फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. आगीच्या धोक्यामुळे असे फ्रिज बाजारातून परत मागवण्याचे प्रसंगही अमेरिकेत घडले आहेत.

या चतुराईची किंमत इंधनात मोजावी लागते. हा फ्रिज तासाला साधारण हजार ते पंधराशे बीटीयू खातो; दिवसाचा हिशेब ७ ते १० युनिटांवर जातो. त्याच आकाराचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज तेच काम दिवसाला एका युनिटाच्या आगेमागे करतो, तेही उन्हाळ्यात अधिक तत्परतेने आणि तिरक्या जमिनीवरही. बॅटरीवर तो थेट चालतो, त्यामुळे मध्ये इन्व्हर्टरची गरज नाही. एकच बदल करायचा असेल, तर तो हाच करावा. फक्त जुन्या फ्रिजसाठी बाहेरच्या भिंतीत आणि छतात ठेवलेल्या झरोक्यांचे काय करायचे, हे नव्या फ्रिजच्या माहितीपुस्तिकेत पाहून ठरवावे. काहींना मागे खेळती हवा हवी असते. इतरांसाठी झरोके बंद करून आतून उष्णतारोधक थर दिला नाही, तर थंडीत तेथूनच वारा आत येतो.

या बदलाचा आणखी एक लाभ रस्त्यावर होतो. फ्रिज थंड राहावा म्हणून अनेकजण प्रवासातही गॅस चालू ठेवतात. बॉल्टिमोर येथील फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांतून मात्र १० पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर नेण्यास मनाई आहे, मग तो बंद असो वा चालू. न्यू जर्सीहून व्हर्जिनियाकडे आय-९५ ने जाणाऱ्यांना हा नियम अनेकदा टोलनाक्याजवळ आल्यावर कळतो. पूर्वी आय-६९५ वरील फ्रान्सिस स्कॉट की पूल हा सोयीचा पर्याय होता. २६ मार्च २०२४ रोजी तो कोसळल्यापासून शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. गॅस पूर्णपणे काढलेल्या गाडीला हा वळसा पडत नाही. फ्रिज बदलूनही सिलिंडर ठेवलेल्या गाडीला मात्र पडतो.

शेगडी : फुलका, कुकर आणि इन्व्हर्टर

स्वयंपाकाचा हिशेबही विजेच्या बाजूने झुकतो. गॅसच्या ज्योतीची निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याच्या कडेने निसटते, तर इंडक्शनमध्ये ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा भांड्यात उतरते. शिवाय एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. बंद खिडक्यांच्या लहानशा खोलीत ती थंड काचांवर आणि कपाटांच्या मागे जमते. आरव्हीतील कुबट वासाचे हे एक दुर्लक्षित कारण आहे. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर सर्वांना ठाऊक आहेच.

चार माणसांसाठी वरणभाताचा कुकर इंडक्शनवर पाव ते एक तृतीयांश युनिटात होतो. चार कप चहाला एक दशांश युनिटही लागत नाही. दोन्ही वेळचे जेवण, न्याहारी आणि चहा धरून दिवसाला सव्वा ते दीड युनिट पुरावे. भारतातून आणलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शनवर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते भांडे उपयोगी. लोखंडी तवा उत्तम चालतो आणि त्यावर पोळ्याही चांगल्या होतात. फुलका ज्योतीवर फुगवणे, पापड भाजणे, भरताचे वांगे खरपूस करणे या गोष्टी मात्र विसराव्यात, किंवा त्यासाठी एक पौंडाच्या छोट्या सिलिंडरवर चालणारी शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडावी. हा सिलिंडर बॉल्टिमोरच्या बोगद्यांच्या मर्यादेतही बसतो. शुद्धतावाद्यांना ही तडजोड रुचणार नाही. भरीत आवडणाऱ्यांना रुचेल.

खरी अडचण ऊर्जेची नसून शक्तीची आहे. इंडक्शन शेगडी पूर्ण तापमानाला १,८०० वॉट ओढते. भारनियमनाच्या काळात आपल्या घरी आलेल्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि चार दिवे चालत. येथे १२ व्होल्टच्या बॅटरीतून एका वेळी सुमारे १६० अँपिअर प्रवाह वाहतो. त्यासाठी अंगठ्याएवढ्या जाडीच्या तांब्याच्या केबली, त्या शक्य तितक्या आखूड, आणि बॅटरीच्या अगदी जवळ ‘क्लास टी’ प्रकारचा फ्यूज आवश्यक असतो. लिथियम बॅटरीत शॉर्ट सर्किट झाल्यास क्षणात प्रचंड प्रवाह उसळतो आणि साधा फ्यूज तो तोडू शकेल याची शाश्वती नसते. आरव्हीतील विजेच्या आगी टाळायच्या, तर बॅटरीच्या नाममुद्रेपेक्षा या केबली आणि त्यांचे जोड यांकडे अधिक लक्ष द्यायला हवे. मोठी यंत्रणा उभारणारे २४ किंवा ४८ व्होल्टचा मार्ग स्वीकारतात, कारण व्होल्टेज चौपट केले की प्रवाह चौथाईवर येतो. मात्र दिवे, पाण्याचा पंप, ट्रेलरचे आपत्कालीन ब्रेक हे सारे १२ व्होल्टवरच चालत असल्याने, मोठ्या यंत्रणेतून १२ व्होल्ट काढून देणारे वेगळे उपकरण लागते.

गरम पाणी

आरव्हीतील सहा गॅलनची टाकी १५ अंश सेल्सिअसवरून ५० अंशांवर न्यायला सुमारे ०.९ युनिट लागते. अनेक टाक्यांत गॅसबरोबर १,४४० वॉटची विजेची कॉइल आधीच बसवलेली असते. खांबावरची वीज मिळत असेल तेव्हा तीच वापरावी, पाऊण तासाच्या आत पाणी तापते. बॅटरीवर मात्र एक टाकी म्हणजे १.२८ युनिटांच्या बॅटरीचा सत्तर टक्के भाग. टाकी रिकामी असताना कॉइल चालू केली, तर ती जळते. हिवाळ्यानंतरच्या पहिल्या सहलीत हा प्रकार हमखास घडतो.

ऊब : गणित येथे अडते

आरव्हीतील गॅसची फर्नेस साधारण ३०,००० बीटीयूची असते. विजेच्या मापात हे ८.८ किलोवॉट. गोठणबिंदूच्या आसपासच्या रात्री ती दहा तासांत एक तृतीयांश वेळ चालली असे धरले, तर एक लाख बीटीयू, म्हणजे २९ युनिट खर्च होतात. गॅसच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ आहे. पाच पौंडांहून कमी, पाव सिलिंडरही नाही. बॅटरीच्या दृष्टीने हा डोंगर आहे. दुकानात मिळणारा १,५०० वॉटचा हीटर तासाला जेमतेम ५,१०० बीटीयू देतो आणि दहा तास चालला, तर १५ युनिट खातो. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बारा बॅटऱ्या एका रात्रीत रिकाम्या, आणि तरीही फर्नेसएवढी ऊब नाहीच.

यावर हीट पंप हे उत्तर सांगितले जाते, आणि ते अंशतः बरोबर आहे. हीट पंप उष्णता निर्माण न करता बाहेरच्या हवेतून आत आणतो, म्हणून एका युनिट विजेवर दोन-तीन युनिट उष्णता मिळते. पण छतावरच्या एसीसोबत येणारे पारंपरिक हीट पंप ४० अंश फॅरनहाइटच्या आसपास हात टेकतात, म्हणजे नेमकी गरज वाढते तेव्हाच. इन्व्हर्टर तंत्राचे नवे स्प्लिट एसी बरेच खालपर्यंत काम करतात. तरीही वरच्या उदाहरणातील रात्रीसाठी आठ-नऊ युनिट लागतील. ती वीज दुसऱ्या दिवशी भरून काढायची कशी? छतावर सपाट बसवलेले ४०० वॉटचे सौरपॅनल उन्हाळ्यातील स्वच्छ दिवशी दीड युनिटाच्या आसपास देतात. डिसेंबरात सिएटलसारख्या ठिकाणी त्याचा पाव भागही हाती लागत नाही.

आणखी दोन गोष्टी नवख्यांच्या लक्षात येत नाहीत. थंडीसाठी सज्ज केलेल्या अनेक आरव्हींत फर्नेसची गरम हवा केवळ खोलीत येत नाही. तिची एक शाखा गाडीच्या पोटात, पाण्याच्या टाक्या आणि नळ्या असतात तेथे जाते. खोलीत विजेचा हीटर लावून फर्नेस बंद ठेवली की माणसे उबेत झोपतात आणि खाली नळ्या गोठून फुटतात. दुसरे असे, की लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यास तिच्या आत धातूरूप लिथियमचा थर साचून ती कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीत चार्जिंग आपोआप थांबवण्याची सोय असते. पण मग सकाळी ऊन पडूनही चार्जिंग सुरूच होत नाही. बॅटरी गाडीच्या आतील उबदार भागात ठेवणे किंवा अंतर्गत हीटर असलेली घेणे, हेच उपाय.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की बर्फाळ प्रदेशात हिंडणाऱ्यांनी फर्नेस काढू नये. ज्यांनी प्रोपेन पूर्णपणे वगळले आहे, त्यांनीही उबेसाठी ज्वलन सोडलेले नाही. विनेबेगो कंपनीच्या ‘रेव्हेल’ या व्हॅनमध्ये शेगडी इंडक्शनची आणि प्रोपेन मुळीच नाही. पण ऊब मिळते ती गाडीच्याच टाकीतील डिझेल जाळून. फिनिक्स किंवा सॅन डिएगोच्या सौम्य हिवाळ्यात मात्र खोली तापवण्याऐवजी माणूस तापवणे स्वस्त पडते. १२ व्होल्टचे विजेचे ब्लँकेट रात्रभरात अर्ध्या युनिटाच्या आत भागवते. गोधडीला तर तेवढेही लागत नाही.

खांबावरची वीज आणि तिच्या मर्यादा

आरव्ही पार्कमधील ‘३० अँपिअर’ जोडणी १२० व्होल्टची असते. तिच्यातून जास्तीत जास्त ३,६०० वॉट मिळतात. दोन हीटर लावले की इंडक्शनला जागा उरत नाही आणि ब्रेकर पडतो. ‘५० अँपिअर’ जोडणी नावावरून दुपटीहून कमी भासते. पण तिच्यात ५० अँपिअरच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असल्याने १२,००० वॉट मिळतात, म्हणजे तिपटीहून जास्त. संपूर्ण विद्युतीकरण करायचे असेल, तर ५० अँपिअरची गाडी असणे जवळजवळ अटच समजावी.

घरासमोर आरव्ही उभी करणाऱ्यांना एक इशारा. ३० अँपिअरचा तीन पात्यांचा आरव्ही प्लग कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जुन्या प्लगसारखा दिसतो. त्यामुळे आरव्हीच्या कामाशी परिचय नसलेला इलेक्ट्रिशियनही कधीकधी त्या सॉकेटला २४० व्होल्ट जोडून देतो, आणि प्लग घालताच आतील उपकरणे जळतात. नवे सॉकेट प्रथम मीटरने मोजावे, मगच गाडी जोडावी. कोणत्याही अनोळखी खांबावर व्होल्टेज तपासून अयोग्य वीज तोडणारे संरक्षक उपकरण बसवणे हा खर्च टाळू नये असा आहे.

आणि सर्वत्र खांब असतोच असे नाही. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावरील ट्रेलर व्हिलेजमध्ये पूर्ण जोडणी मिळते. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या छावण्यांत कोठेही मिळत नाही आणि जनरेटरलाही वेळेचे बंधन आहे. तेथे फ्रिज एक युनिट, स्वयंपाक दीड युनिट आणि दिवे, पंप, फोन मिळून अर्धे, असे तीन युनिट रोज लागतील. चार बॅटऱ्या, म्हणजे पाच युनिटांचा साठा आणि छतावर ६०० वॉटचे पॅनल असतील, तर उन्हाळ्यातील तीन-चार दिवस सहज निघतात. उरलेली तूट प्रवासात इंजिनाच्या अल्टरनेटरवरून भरून काढता येते. मात्र लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नये. ती इतका प्रवाह ओढते, की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

काम करताना

जुन्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी बसवलेला कन्व्हर्टर लिथियमला पूर्ण चार्ज करीत नाही. तोही बदलावा लागतो. इन्व्हर्टर ‘यूएल ४५८’ या मानकाचा, म्हणजे वाहनासाठी प्रमाणित केलेला घ्यावा. खांबाची वीज आणि बॅटरीची वीज यांच्यात अदलाबदल होताना न्यूट्रल आणि अर्थिंग यांची जोडणीही बदलावी लागते, आणि घरगुती इन्व्हर्टर ते करीलच असे नाही. आरव्हीतील गॅस आणि सुरक्षाव्यवस्थेसाठी ‘एनएफपीए ११९२’ हे मानक आहे, वीजजोडणीसाठी राष्ट्रीय विद्युत संहितेचे ५५१ वे कलम. दोन्हींशी परिचित असलेला तंत्रज्ञ नसेल, तर काम थांबलेले बरे. मोठा बदल विमा कंपनीला लेखी कळवावा.

वजनाचा विचारही हवा. ट्रेलरच्या दांडीवरचे सिलिंडर काढून बॅटऱ्या मागच्या बाजूला ठेवल्या, तर गाडीला जोडलेल्या टोकावरचे वजन घटते. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे. त्याहून कमी झाल्यास महामार्गावर वेग घेताच ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. बदलानंतर ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून पाहण्यास थोडकेच डॉलर पडतात.

निवासी सौरयंत्रणेवरील ३० टक्क्यांच्या केंद्रीय करसवलतीचे गणित अजूनही काही विक्रेते मांडतात. जुलै २०२५ मधील कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी ती सवलत रद्द झाली आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण वर्षातून एकदा आरव्ही भाड्याने घेतात. त्यांना यातले काहीही बदलता येत नाही. तरीही जोडणीच्या जागी मुक्काम करून, सोबत नेलेली इंडक्शन शेगडी आणि टाकीतील विजेची कॉइल वापरली, तर गॅस फक्त फर्नेसपुरता उरतो. फ्रिज गॅसचा आहे की कॉम्प्रेसरचा, एवढे गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्यावे.

ज्यांनी स्वतःच्या गाडीत बदल केला आहे, त्यांनी पहिली रात्र घराच्या अंगणातच, वीज न जोडता काढून पाहावी. यंत्रणा कोठे अपुरी पडते, हे तेथे कळणे योसेमिटीत कळण्यापेक्षा बरे. एखादे उपकरण काढल्यावर उघडी राहिलेली गॅसनळी धातूच्या टोपणाने बंद करून, दाबाखाली गळती तपासल्याशिवाय मुख्य झडप पुन्हा उघडू नये. एक जरी उपकरण गॅसवर उरले असेल, तर जमिनीजवळचा गळतीसूचक काढू नये; प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खालीच साचतो. सुटे सिलिंडर रिकामे झाले तरी कचऱ्यात टाकता येत नाहीत. ते प्रोपेन विक्रेत्याकडे किंवा सिलिंडर बदलून देणाऱ्या केंद्रात परत करावेत, आणि मोटरहोमला कायमची जोडलेली टाकी परवानाधारक गॅस तंत्रज्ञाकडूनच रिकामी करून घ्यावी.